स्वयंपाकघरातील अपघात आणि आपली जबाबदारी

(रुग्णालयाच्या वर्धापनदिनी योजलेल्या आरोग्य प्रबोधन कार्यक्रमात प्रशासकांनी केलेल्या भाषणाचा मजकूर)



वर्धापनदिनाच्या व्याख्यानासाठी दरवर्षी एखाद्या नामवंत डॉक्टरांना निमंत्रित करण्याची आपल्या संस्थेची प्रथा आहे. यंदा ही जबाबदारी विश्वस्त मंडळाने आमच्यावर सोपविली, तेव्हा आम्हांस प्रथम संकोच वाटला. आम्ही वाणिज्य शाखेचे पदवीधर. आमचे आयुष्य देयके, खरेदीच्या नोंदी आणि वार्षिक ताळेबंद यांत गेले. रुग्ण तपासण्याचा अधिकार आम्हांस नाही आणि तसा आव आणण्याची इच्छाही नाही. परंतु प्रशासकाच्या मेजासमोर रुग्णाचे नातेवाईक ज्या वेळी येऊन बसतात, ती वेळ मोठी बोलकी असते. उपचार झालेले असतात, प्रश्न पैशाचा असतो आणि बोलता बोलता तो माणूस एक वाक्य हमखास उच्चारतो : “साहेब, एवढ्याशा गोष्टीने हे सगळे झाले.”

ही ‘एवढीशी गोष्ट’ म्हणजे काय, हे आम्ही अनेक वर्षे ऐकत आलो आहोत. कुकरची जुनी रबरी रिंग, सैल झालेली सांडशी, ओट्यावरून खाली लोंबणारी मिक्सरची वायर, शेगडीच्या वरच्या फळीवर ठेवलेला साखरेचा डबा. त्यांतील बहुतेक वस्तू शंभर-दोनशे रुपयांत बदलता आल्या असत्या किंवा एका जागेवरून दुसऱ्या जागी हलविता आल्या असत्या. म्हणून आज उपचारापूर्वीच्या जबाबदारीविषयी बोलावे, असे आम्ही ठरविले. यातील वैद्यकीय भाग आमच्या शल्यचिकित्सकांनी व अपघात विभागाच्या परिचारिकांनी तपासून दिला आहे. त्याबद्दल त्यांचे ऋण प्रारंभीच मान्य करतो.

दुसऱ्यांच्या घरांविषयी बोलण्यापूर्वी स्वतःच्या घरातील गोष्ट सांगणे हे आमचे कर्तव्य आहे. काही वर्षांपूर्वी आम्ही ज्या रुग्णालयाचे प्रशासन पाहत होतो, तेथील भोजनगृहात सकाळच्या वेळी एक अपघात झाला. दोन मदतनीस भगिनी आमटीचे मोठे पातेले शेगडीवरून उतरवून वाढपाच्या टेबलाकडे नेत होत्या. फरशी नुकतीच धुतलेली होती. एकीचा पाय घसरला आणि उकळती आमटी तिच्या दोन्ही पावलांवर व उजव्या हातावर सांडली. अपघात विभाग तेथून शंभर पावलांवर होता. तरीही पहिली काही मिनिटे कोणी बर्फ शोधण्यात, कोणी टूथपेस्ट आणण्यात घालविली. नळ मात्र हाताशी असून कोणी उघडला नाही.

अशा प्रसंगी एक छापील नमुना भरावा लागतो. त्यात ‘अपघाताचे कारण’ असा रकाना असतो. आम्ही त्यात सवयीने लिहिले, ‘कर्मचाऱ्याचा निष्काळजीपणा’. सायंकाळी आमच्या वरिष्ठ शल्यचिकित्सकांनी तो कागद वाचला आणि विचारले, “फरशी ओली का होती? आणि एवढे पातेले हातांनी का नेत होत्या?” आम्ही उत्तर शोधू लागलो, तेव्हा जुन्या फाइलीत त्याच भगिनीने दोन महिन्यांपूर्वी दिलेला अर्ज सापडला. पातेली नेण्यासाठी चाकांची ढकलगाडी मिळावी, अशी तिची साधी मागणी होती. अर्जावर आमच्याच हस्ताक्षरात शेरा होता : ‘पुढील तिमाहीत विचार करावा.’

त्या भगिनीला तीन आठवडे रुग्णालयात राहावे लागले. एका पावलावर त्वचारोपण करावे लागले. ढकलगाडीची किंमत तिच्या पहिल्या दोन दिवसांच्या ड्रेसिंगच्या साहित्याइतकीही नव्हती. आम्ही त्या रकान्यातील मजकूर खोडला आणि नव्याने लिहिले, ‘फरशी ओली; जड भांडे नेण्याची सोय नाही; मागणी प्रशासनाकडे प्रलंबित.’ खाली सही केली. हिशेबाच्या वहीत खाडाखोड करू नये असे आम्हांस शिकविले गेले होते. पण ती एक खाडाखोड आमच्या नोकरीतील सर्वांत बरोबर नोंद होती असे आम्ही मानतो.

श्रोतेहो, घराघरांतही असा एक अदृश्य रकाना असतो. घरातील बाईचा हात भाजला की त्यात ‘तिचे लक्ष नव्हते’ असे लिहिले जाते आणि चौकशी तेथेच संपते. लक्ष तर प्रत्येकाचे केव्हातरी चुकणारच. सकाळी सातच्या सुमारास एका बाजूला डबे, दुसऱ्या बाजूला शाळेची घाई, पाणी जाण्याची वेळ आणि शेगडीवर दूध अशी ज्या बाईची अवस्था असते, तिने एकदाही चुकू नये अशी अपेक्षा ठेवणे हा सुरक्षिततेचा मार्ग नव्हे. चूक झाली तरी इजा होऊ नये, अशी मांडणी आधीच करून ठेवणे हा तो मार्ग आहे. ही मांडणी करणे हे एकट्या स्वयंपाक करणारीचे काम नसून त्या घरात जेवणाऱ्या प्रत्येकाचे आहे. आजच्या भाषणाचे सार एवढेच.

जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार जगात दरवर्षी सुमारे १,८०,००० मृत्यू भाजल्यामुळे होतात आणि भारतात दरवर्षी दहा लाखांहून अधिक व्यक्तींना मध्यम किंवा गंभीर स्वरूपाचे भाजते. या सर्वच दुखापती स्वयंपाकघरातील नसतात. परंतु स्त्रिया व लहान मुले यांना भाजण्याचे प्रमुख ठिकाण घरच असते. म्हणून प्रथम भाजण्याविषयी बोलू.

उकळते पाणी १०० अंश सेल्सिअस तापमानाचे असते. तळणाचे तेल सुमारे १८० अंशांचे. कुकरमध्ये दाब वाढल्यामुळे पाणी सुमारे १२० अंशांवर उकळते. आणि ६० अंशांचे पाणीदेखील प्रौढ माणसाची त्वचा पाच-सहा सेकंदांत खोलवर भाजू शकते. लहान मुलांची त्वचा पातळ असल्याने तेथे वेळ त्याहूनही कमी लागतो. याचा अर्थ असा की, थोडा वेळ निवत ठेवलेला चहाचा पेलाही बालकाच्या दृष्टीने धोकादायकच असतो. पातेल्याचे कान व कढईचे दांडे ओट्याच्या कडेबाहेर येऊ देऊ नयेत. मांडीवर मूल घेऊन चहा पिऊ नये. जेथे चूल किंवा शेगडी जमिनीवर आहे, तेथे रांगत्या मुलासाठी दाराशी आडवी फळी लावावी. सुतार ते काम तासाभरात करून देतो.

आपल्याकडे गरम भांडे पदराने उतरविण्याची सवय फार जुनी आहे. पदर किंवा ओढणी दोन्ही बाजूंनी धोका आणते. एक तर ती ज्योतीवर जाते. आणि कृत्रिम धाग्याची असेल तर नुसती जळत नाही, वितळून अंगाला चिकटते. स्वयंपाक करताना पदर खोचलेला असावा, कपडे सुती असावेत, सैल बाह्यांचा गाऊन टाळावा. सांडशीचा खिळा ढिला झाला असेल तर ती बदलावी. भांड्याला ती घट्ट धरत नसेल तर तिच्यावर विसंबणे म्हणजे अपघाताला बोलावणेच आहे. शेगडीच्या मागच्या भिंतीवर किंवा वरच्या फळीवर रोज लागणारे डबे ठेवू नयेत, कारण मिठाचा डबा काढण्यासाठी दिवसातून दहा वेळा ज्योतीवरून हात न्यावा लागतो. ओट्याला लागूनच देवघर असेल तर निरांजन व समई पदराच्या टप्प्यात येणार नाहीत अशी त्यांची जागा ठरवावी.

कुकरविषयी तीन गोष्टी. तो दोन तृतीयांशाहून अधिक भरू नये आणि फुगणारी, फेसाळणारी डाळ असेल तर अर्ध्यावर थांबावे. डाळीचा फेस किंवा साल शिट्टीच्या नळीत अडकले की वाफेचा मार्ग बंद होतो. झाकण लावण्यापूर्वी ती नळी उजेडाकडे धरून आरपार दिसते का ते पाहावे. वाफ आपोआप जिरेपर्यंत झाकणावर जोर करू नये. सुरक्षा झडप गेली तर ती त्याच कंपनीची, त्याच कुकरची बसवावी. तिच्या जागी दुसरे काही घट्ट बसविणे म्हणजे वाफेची शेवटची वाट बुजविणे होय. घरगुती प्रेशर कुकरला आय.एस.आय. चिन्ह बंधनकारक करणारा आदेश केंद्र सरकारने २०२० मध्ये काढला. जुना कुकर बदलताना हे चिन्ह अवश्य पाहावे.

दिवाळीचा फराळ आणि उपासाचे दिवस यांचा उल्लेख केल्याशिवाय हे व्याख्यान पुरे होणार नाही. साबुदाणा वडा तेलात फुटतो, हा अनुभव येथील अनेक भगिनींना असेल. आत अडकलेल्या पाण्याची वाफ होते, बाहेरचा थर कडक झाल्याने तिला वाट मिळत नाही आणि वडा फुटून तेल उडते. साबुदाणा पुरता निथळलेला असावा, वडे चपटे थापावेत, कढई अर्ध्याहून अधिक भरू नये आणि तळताना चेहरा कढईवर झुकवू नये. कढईतील तेलानेच पेट घेतला तर गॅस बंद करावा, मोठे झाकण किंवा परात बाजूने सरकवीत वर ठेवावी आणि ती थंड होईपर्यंत उचलू नये. त्यावर पाणी कदापि टाकू नये. पाणी तेलाच्या तळाशी जाते, त्याची तत्काळ वाफ होते, ती मूळ पाण्याच्या सुमारे सतराशे पट जागा व्यापते आणि पेटते तेल छतापर्यंत उडविते. पेटलेली कढई उचलून बाहेर धावणेही तितकेच घातक आहे.

आता गॅसविषयी. स्वयंपाकाच्या गॅसला स्वतःचा वास नसतो. गळती कळावी म्हणून त्यात उग्र वासाचे द्रव्य मिसळतात. हा गॅस हवेपेक्षा जड असल्याने जमिनीलगत साचतो. म्हणून सिलिंडर नेहमी उभा, जमिनीवर आणि शेगडी त्याहून उंचीवर असावी. रबरी नळी आय.एस.आय. चिन्हाची असावी आणि तिच्यावर छापलेली मुदत संपण्यापूर्वी, किंवा भेगा दिसताच, बदलावी. वास आल्यास रेग्युलेटर बंद करावा, दारे-खिडक्या उघडाव्यात, विजेचे कोणतेही बटण चालू किंवा बंद करू नये, माणसे बाहेर काढावीत आणि बाहेर जाऊन १९०६ या क्रमांकावर दूरध्वनी करावा. येथे एक प्रशासकीय माहिती देतो, कारण ती अनेकांना नसते. नोंदणीकृत ग्राहकाच्या घरी गॅसमुळे अपघात झाल्यास तेल कंपन्यांनी उतरविलेल्या विम्याचा लाभ मिळू शकतो. त्यासाठी ग्राहकाला वेगळा हप्ता भरावा लागत नाही. मात्र आपल्या वितरकाला त्वरित लेखी कळवावे लागते आणि रुग्णालयाची देयके जपून ठेवावी लागतात.

कापण्याच्या दुखापतींत विळीचा वाटा मोठा आहे. भाजी चिरता चिरता दार उघडायला उठावे आणि पाते उघडेच राहावे, असे होते. उठताना पाते मिटावे किंवा विळी भिंतीकडे तोंड करून ठेवावी, हा नियम घरातील सर्वांनी पाळावा. बोथट सुरी धारदार सुरीपेक्षा अधिक इजा करते, कारण तिच्यावर जोर द्यावा लागतो आणि ती निसटते. मिक्सरचे पाते साफ करण्यापूर्वी नुसते बटण बंद करणे पुरेसे नाही, प्लग काढावा. बोट कापल्यास ते वाहत्या पाण्याखाली धुऊन स्वच्छ कापडाने दहा मिनिटे सलग दाबून धरावे आणि हात उंच ठेवावा. मधूनमधून कापड उचलून पाहू नये. हळद, चुना, चहापत्ती भरू नये. जखम शिवण्यापूर्वी हे सारे खरवडून काढावे लागते व वेदना वाढतात. धनुर्वाताच्या लसीविषयी डॉक्टरांना विचारावे.

वृद्धांच्या बाबतीत भीती असते ती पडण्याची. सांडलेले तेल नुसत्या फडक्याने पुसून फरशी कोरडी होत नाही. साबणाच्या पाण्याने पुसून मग कोरडी करावी. वर्षातून एकदा लागणारा डबा वरच्या फळीवर असण्यास हरकत नाही, परंतु आजींना रोज लागणारा गुळाचा डबा कमरेच्या उंचीवर असावा. प्लॅस्टिकच्या स्टुलावर चढून मोडलेल्या खुब्याचा खर्च आणि त्यानंतरचे अंथरूण, दोन्ही आम्ही जवळून पाहिले आहे.

एवढी काळजी घेऊनही भाजलेच तर काय करावे? येथे आमच्या डॉक्टरांनी आम्हांस बजावून सांगितलेली एक गोष्ट आपण पाठ करावी : वीस मिनिटे पाणी. भाजलेला भाग नळाच्या साध्या, वाहत्या पाण्याखाली वीस मिनिटे धरावा. नळाला पाणी नसेल तर तांब्याने संथ धार धरावी. पाण्याची टंचाई असलेल्या गावांत ओट्याजवळ झाकलेली एक बादली याच कामासाठी राखून ठेवावी. वीस मिनिटे हा काळ फार मोठा वाटतो; म्हणून घड्याळ पाहावे. भाजल्यानंतर तीन तासांपर्यंत या पाण्याचा उपयोग होतो, पण जितके लवकर तितके चांगले. सूज येण्यापूर्वी बांगड्या, अंगठ्या, घड्याळ काढावे. चिकटलेले कपडे ओढू नयेत. बर्फ, टूथपेस्ट, तूप, शाई, बटाट्याचा कीस यांतील काहीही लावू नये. फोड फोडू नयेत. नंतर स्वच्छ, न चिकटणारे कापड सैलसर झाकून रुग्णालयात आणावे. रुग्ण लहान मूल असेल किंवा भाजलेला भाग मोठा असेल, तर उरलेले अंग पांघरुणाने उबदार ठेवावे.

कपडे पेटल्यास धावू नये. धावल्याने ज्वाला वाढतात. जागेवर थांबावे, जमिनीवर आडवे व्हावे आणि लोळावे. जवळच्या माणसाने जाड सुती चादर किंवा घोंगडी टाकावी, पाणी ओतावे. रुग्णाचा स्वतःचा तळवा, बोटांसह, त्याच्या शरीराच्या सुमारे एक टक्का असतो. त्याहून मोठा भाग भाजला असेल, किंवा चेहरा, हात, पाय, सांधे, गुह्यभाग यांना इजा असेल, किंवा रुग्ण बालक, वृद्ध वा गरोदर असेल, तर घरी थांबू नये. १०८ या क्रमांकावर रुग्णवाहिका मिळते.

एका अवघड विषयाला स्पर्श करणे आमचे कर्तव्य आहे. स्वयंपाकघरात भाजलेली प्रत्येक स्त्री अपघातानेच भाजलेली असते असे नाही. ‘स्टोव्हचा भडका उडाला’ या वाक्याआड काय काय दडविले गेले, हे जुन्या पिढीतील डॉक्टरांना ठाऊक आहे. विवाहितेच्या छळाविरुद्ध १९८३ मध्ये कायद्यात तरतूद झाली. १ जुलै २०२४ पासून ती भारतीय न्याय संहितेत आहे. असे रुग्ण आल्यावर पोलिसांना कळविणे ही रुग्णालयाची जबाबदारी असते, आणि त्या स्त्रीशी नातेवाइकांच्या अनुपस्थितीत बोलणे हीसुद्धा. ‘कारण’ या रकान्यात आम्ही घाईने ‘अपघात’ असे लिहिले, तर तिची बाजू मांडणारा शेवटचा कागदही आम्हीच बंद केला असे होईल. महिलांसाठी १८१ हा मदत क्रमांक आहे. शेजाऱ्यांनीही तो वापरावा.

उपचारांच्या खर्चाविषयी आमच्या कक्षाबाहेर लोक संकोचाने उभे राहतात. तो संकोच नसावा. राज्यातील धर्मादाय रुग्णालयांत दहा टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी विनामूल्य व दहा टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीच्या दरात राखीव असतात. गंभीर भाजण्याच्या उपचारांचा समावेश महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेतही आहे. कागदपत्रे नंतर आणली तरी चालतील. रुग्ण मात्र आधी आणावा.

शेवटी एक विनंती. आज घरी गेल्यावर आपण स्वयंपाक करत नसाल, तरी, किंबहुना म्हणूनच, स्वयंपाकघरात दहा मिनिटे उभे राहावे. गॅसच्या नळीवरील मुदत वाचावी. सांडशी हातात घेऊन पाहावी. कुकरची रिंग पाहावी. शेगडीच्या वर काय ठेवले आहे ते पाहावे. आणि जी व्यक्ती रोज तेथे राबते तिला विचारावे, “तुला येथे कशाची भीती वाटते?” तिचे उत्तर बहुधा तयार असते, फक्त कोणी विचारलेले नसते. त्या उत्तरावर ‘पुढील तिमाहीत विचार करावा’ असा शेरा मात्र मारू नये.

ज्या भगिनीची हकिकत आम्ही सांगितली, ती पुढे कामावर परतली. भोजनगृहाची मासिक तपासणी तिच्याच सहीने होऊ लागली आणि तिने नोंदविलेली त्रुटी किती दिवसांत दूर करायची, ती तारीख आम्हांस तेथेच लिहावी लागत असे. पहिल्या महिन्यात तिने सात त्रुटी लिहिल्या. आमच्या दृष्टीने त्या सात ओळी कोणत्याही लेखापरीक्षण अहवालाइतक्या मोलाच्या होत्या.

आपल्या घरांतील चुली सुखरूप राहोत आणि या कारणासाठी आपल्यावर आमच्या दारी येण्याची वेळ न येवो, हीच सदिच्छा.